गोदावरीचा प्राचीन इतिहास मुख्य पात्रात शोधू नका

उतारावरचा

गोदावरीवर लिहायचं म्हटलं की आपण त्र्यंबकेश्वरला नारळ फोडतो, ‘दक्षिण गंगा’ म्हणतो, लांबी १,४६५ किमी सांगतो आणि राजमहेंद्रीला पोचून मोकळे होतो. मला वेगळं म्हणायचंय. या नदीचा प्राचीन इतिहास पात्राच्या लांबीवर घडलेला नाही. तो घडला पात्र ओलांडायच्या जागांवर आणि उपनद्यांच्या काठी. पटत नसेल तर भांडायला खाली भरपूर जागा आहे.

आधी भूगोल, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. ब्रह्मगिरीवरचा उगम साधारण १,०६७ मीटर उंचीवर. तिथून अरबी समुद्र फक्त ८० किमी, तरी पाणी निघतं बंगालच्या उपसागराकडे. त्याच डोंगरात उगम पावणारी वैतरणा मात्र सरळ पश्चिमेला कोकणात उतरते. सगळं पठारच पूर्वेकडे कललेलं असल्याने गोदेला दुसरा पर्याय नव्हता. नाशिकला पोचेपर्यंत ती जवळजवळ निम्मी उंची उतरून गेलेली असते. नंतर पैठणपर्यंतच्या एवढ्या मोठ्या अंतरात शे-सव्वाशे मीटरच काय ते उतरते.

पावसाचंही तसंच. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तो ३,००० मिमीच्या घरात पडतो, आणि कोपरगाव-वैजापूरकडे जेमतेम ५००. म्हणजे नदी पाणी आणते एकीकडून आणि वाहते भलत्याच कोरड्या मुलखातून. पावसाळ्यात दांडगाई, उन्हाळ्यात डोह, खडक आणि गुडघाभर पाण्याचे उतार. अशा नदीतून माल खाली नेता येत नाही. होडी चालते ती या काठावरून त्या काठावर. गंगेच्या काठी पाटण्यापासून समुद्रापर्यंत जसा जलमार्ग होता तसा इथे वरच्या टप्प्यात कधीच नव्हता. त्यामुळे ‘नदीकाठची संस्कृती’ हा शाळेतला साचा इथे बसवला की गडबड होते.

पुरावे बघा. अश्मयुगात माणूस मुख्य नदीवर होताच: नाशिकजवळ गंगापूरला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात नामशेष झालेल्या महाकाय हत्तीची कवटी सापडल्याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. पण शेती करणारा, घर बांधणारा माणूस आला की पारडं प्रवरेकडे झुकतं. संगमनेरजवळचं जोर्वे (१९५०-५१ चं उत्खनन, सांकलिया आणि शां. भा. देव), नेवासे, दायमाबाद, ही तिन्ही प्रवराकाठची. जोर्वे तर एवढं महत्त्वाचं ठरलं की महाराष्ट्रभरच्या त्या काळातल्या ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या) वसाहतींना त्याचंच नाव मिळालं. लाल खापर, त्यावर काळी नक्षी, तोटीची भांडी. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००.

का प्रवरा? माझा तर्क असा की छोटी नदी आवाक्यातली असते. पूर आला तरी घर वाहून नेत नाही (निदान दरवर्षी नाही), काठाशी काळी जमीन मिळते आणि उन्हाळ्यात डोहात पाणी राहतं.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास या खोऱ्यातली बहुतेक गावं उठतात. हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेना, असं पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांचं स्पष्टीकरण. दायमाबादही ओस पडतं. इनामगावला लोक आणखी दोन-तीनशे वर्षं तग धरतात, पण ते घोड नदीवर, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात. इकडे मात्र पुढची कित्येक शतकं सामसूम. या सामसुमीबद्दल कुणी फारसं बोलत नाही आणि मला तर तीच सगळ्यात रंजक वाटते.

नंतर जे येतं ते शेतामुळे येत नाही, रस्त्यामुळे येतं. सुत्तनिपात या जुन्या पाली बौद्ध ग्रंथातल्या पारायणवग्गात बावरी नावाचा ब्राह्मण गोदाकाठी, अस्सक या तेव्हाच्या राज्याच्या (महाजनपदाच्या) मुलखात राहतो. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला निघतात, आणि त्यांची वाट अगदी मुक्कामवार दिली आहे: पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी… राजगृहापर्यंत. पहिला मुक्काम पतिट्ठान, म्हणजे आपलं पैठण. दक्षिणापथ, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेत येणारा जुना रस्ता, जिथे गोदा ओलांडतो ती जागा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या पुस्तकाचा कर्ता, एक ग्रीक व्यापारी, तेच सांगतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर (धाराशिव जिल्ह्यातलं तेर). पैठणहून गोमेद, तेरहून कापड आणि मलमल. आणि हा माल भडोचला जातो कसा? गाड्यांतून, बिनरस्त्याच्या मुलखातून. सातवाहनांच्या नदीकाठच्या राजधानीचा माल नदीतून जातच नाही! कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गांधिकाने, म्हणजे अत्तरवाल्याने, दान दिल्याचा लेख आहे. पितळखोरं गोदेवर नाही, घाटवाटेवर आहे. व्यापाऱ्याने पैसा कुठे लावला ते बघा, त्याची वाट कळते.

इतकं पुरे. नाशिकबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तिथले लोक इथे आहेतच.

---

पंचवटी_स्टँड

हाक मारलीत म्हणून आलो. पांडवलेण्यांत लोक पायऱ्या चढून दम खातात, सेल्फी काढतात आणि उतरतात. भिंतीवर काय लिहिलंय ते बघायचं राहून जातं.

दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख. हा नहपान या शक राजाचा (क्षत्रपाचा) जावई. त्याने गोवर्धनच्या (तेव्हाचं इथलं मुख्य ठाणं) विणकरांच्या श्रेणीकडे (संघटनेकडे) २,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा १ व्याजाने. मूळ रक्कम काढायची नाही, व्याज खायचं. वर्षाचे झाले २४०. आणि लेखात पुढे लिहिलंय की लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब जुळतो! दुसऱ्या श्रेणीकडे आणखी १,००० ठेवली, पाऊण टक्क्याने. विणकरांची संघटना राजाच्या जावयाची ठेव सांभाळते, म्हणजे त्यांची पत काय असेल.

उतारावरचा यांच्या मुद्द्याला जोडून: याच उषवदाताने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याची नोंद आहे. म्हणजे ओलांडायची सोय हे तेव्हा पुण्यकर्म होतं. या यादीत गोदा नाही, हे तुम्हाला अडचणीचं आहे का सोयीचं, तुम्हीच ठरवा.

दुसरा माझा आवडता लेख तिसऱ्या लेण्यातला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना आधी काखडी गावातलं शेत दिलं होतं. काही वर्षांनी तो आणि राजमाता मिळून कळवतात की ते शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) द्या. दोन हजार वर्षांपूर्वीचा पर्यायी जमिनीचा आदेश! गोदाकाठी तेव्हाही पडीक गावं होती, आणि नहपान-गौतमीपुत्र लढाईनंतर ती आणखी वाढली असणार.

लढाईचा पुरावा जोगलटेंभीचा. १९०६ साली तिथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला. शत्रूची नाणी वितळवायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

---

उतारावरचा

@पंचवटी_स्टँड, सोयीचं आहे असं मी म्हणणारच 🙂 पण प्रामाणिकपणे, त्या यादीतल्या ओळखता येणाऱ्या नद्या गुजरात-उत्तर कोकणातल्या आहेत, जिथे भरतीचं पाणी आत येतं आणि नावेशिवाय गत्यंतर नसतं. नाशिकजवळ गोदा वर्षातले बरेच महिने पायी ओलांडता येत असणार.

---

खापरखुणा

लेख आवडला, पण दायमाबादचा उल्लेख करून ब्राँझ गाळलंत? मुद्दाम?

---

उतारावरचा

मुद्दाम. त्यावर धागा भरकटतो.

---

खापरखुणा

मग मी भरकटवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७४ मध्ये दायमाबादला एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. दोन बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. भारतात त्या काळातलं याच्या तोडीचं धातुकाम दुसरीकडे नाही, जर ते ‘त्या काळातलं’ असेल तर.

गोम इथेच आहे. शि. रं. राव, साळी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर-हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, टाकल्या. दायमाबादला त्या काळाचा थर खरोखर आहे, त्यात वाद नाही. पण मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून आलेल्या नाहीत. डी. पी. अग्रवालांनी धातूचं पृथक्करण दाखवून शंका घेतली: मूर्तींत आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त, आणि त्या काळातल्या इतर ताम्रपाषाण वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही. ‘सिंधू संस्कृती थेट प्रवरेच्या काठी’ अशा पोस्टी व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यात हे वाक्य कधीच नसतं.

---

तिखटमीठ

म्हणजे खोट्या आहेत का?

---

खापरखुणा

खोट्या कोण म्हणतंय? जुन्या आहेतच. किती जुन्या, एवढाच प्रश्न. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रथावरचा माणूस मला ऐतिहासिक काळाकडे झुकणारा वाटतो. पण ते डोळ्यांचं मत आहे, त्याला पुरावा म्हणू नका.

---

नागनदीकर

समस्त प्रवरावादी आणि पैठणवाद्यांनो, जरा इकडे या. नागपूर गोदावरीच्या खोऱ्यात येतं हे किती जणांना माहीत आहे? आमची (बिचारी) नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता गोदावरीला. सगळं खोरं ३,१२,८१२ चौ. किमी, त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा. आणि गोदावरीचा इतिहास म्हणून तुम्ही नाशिक ते पैठण लिहिता!

तुम्ही म्हणता इ.स.पू. १००० नंतर सामसूम. तुमच्याकडे असेल हो. आमच्याकडे त्याच सुमारास महापाषाण काळाचे लोक दफनांभोवती मोठ्या दगडांची शिळावर्तुळं उभारत होते. माहुरझरीच्या दफनांत घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. पुढे वैनगंगेकाठी पवनीला स्तूप उभे राहिले. तिथे १९६९-७० मध्ये देव आणि जोशींनी उत्खनन केलं.

आणि हुकमाचा पत्ता शेवटी. कुही तालुक्यातल्या अडमच्या उत्खननात ‘अस्सक जनपदाचा’ अशा अर्थाचा लेख असलेली मुद्रा मिळालेली आहे. तुमच्या बावरीचा अस्सक. सोळा महाजनपदांत विंध्याच्या दक्षिणेचं हे एकमेव. आता बोला.

---

उतारावरचा

अडमची मुद्रा हा तगडा पुरावा आहे, पण कशाचा? मुद्रा मालावर लागून प्रवास करते. अडमला ती मिळाली म्हणजे अडम अस्सकात होतं, किंवा अस्सकाचा माल अडमला आला. दोन्ही शक्य. मात्र विदर्भाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे: उपनद्या म्हणतोय ना मी!

---

नागनदीकर

उपनदी म्हणजे तुमच्या मते प्रवरा. वैनगंगेला उपनदी म्हणायला जीभ रेटत नाही आमची.

---

सिरोंच्याचा_पोरगा

नागनदीकर काकांना जोरदार पाठिंबा. सिरोंच्याला उभं राहून बघा. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम, एका बाजूने गोदावरी येते, दुसऱ्या बाजूने प्राणहिता. उन्हाळ्यात तर प्रश्न पडतो की कोण कुणाला मिळतंय. गोदावरीच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ४० टक्के प्राणहिता आणते, आणि पुढे थोड्याच अंतरावर सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. नाशिकची गोदावरी आणि राजमहेंद्रीची गोदावरी यांचं नाव एक आहे इतकंच. समुद्राला जातं ते बरचसं पाणी विदर्भ, मध्य प्रदेश, बस्तर आणि ओडिशाचं.

आता थोडं भूशास्त्र, माझा विषय म्हणून. वरच्या गोदावरीखालचा खडक बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आमच्याकडे तो संपतो आणि गोंडवन खडक लागतो. तो पंचवीस-तीस कोटी वर्षं मागे जाणारा. जमीन दोन समांतर भेगांमध्ये खचली, त्या लांबट खोलगटात तेव्हाच्या नद्यांनी गाळ भरला, त्यातल्या झाडोऱ्याचा कोळसा झाला. चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातल्या आणि सिंगरेणीच्या खाणी त्याच पट्ट्यात. आजच्या प्राणहिता आणि गोदावरी तिथे वाहतात त्या याच जुन्या खाचेतून. सह्याद्रीचा लाव्हा वाहायच्या कितीतरी आधी इथे नद्या होत्या.

याच पट्ट्यात बारापासॉरसची हाडं मिळाली. ज्युरासिक काळातला मोठा शाकाहारी डायनोसॉर. शोध लागला तो काळ रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचा, म्हणून पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, कारण शोधणारे तिथलेच. आमच्या तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेले झाडांचे बुंधे बघता येतात. या कधी. रस्त्याची चौकशी आधी करून या.

---

तिखटमीठ

संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर?? धागा वसूल.

---

मोंढ्यावरचा

एवढा ऊहापोह करताय, पण आज पैठणच्या खाली पात्रात पाणी किती असतं ते लिहा की. वर नाशिक-नगरला धरणांवर धरणं आणि जायकवाडीने हात पसरायचे. समन्यायी वाटपाचा ६५ टक्क्यांचा नियम कागदावर…

---

उतारावरचा

मोंढ्यावरचा भाऊ, विषय महत्त्वाचा आहे, पण इथे तो निघाला की पुढचे सगळे प्रतिसाद नगर विरुद्ध मराठवाडा होतील आणि सातवाहन बिचारे बुडतील. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

---

मोंढ्यावरचा

काढतो. पळून जाऊ नका.

---

कंदकुर्तीची_सून

मी निजामाबादकडची, माहेर नांदेड. गोदा आमच्याकडे कंदकुर्तीला मांजरेला भेटते आणि तिथून पुढे तुम्हा लोकांच्या लेखांतून गायब होते. तर थोडं पुढचं.

तेरचा उल्लेख आला. तेर तेरणेवर, तेरणा मांजरेला मिळते, म्हणजे तेरचं पाणी आमच्या अंगणातून जातं. आमच्याकडच्या बोधनला बरेच अभ्यासक अस्सकाची राजधानी पोटन किंवा पोदन मानतात. अडमवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणखी खाली, पेद्दवागूच्या संगमाजवळ कोटिलिंगाल आहे. तिथे सिमुक सातवाहनाची नाणी मिळाली, आणि त्याच्याही आधीच्या गोभद, कंवाय, समगोप अशा राजांची. सिमुक हा पुराणांच्या यादीतला पहिला राजा. त्याची नाणी तेलंगणात मिळतात, तर सातवाहन मूळचे पैठणचे हे आपण इतक्या खात्रीने का म्हणतो? सासरी हा विषय निघाला की मला कुणाची बाजू घ्यावी कळत नाही.

---

पंचवटी_स्टँड

ताई, नाशिकच्या एका लेण्यात ‘सातवाहन कुळातला राजा कण्ह’ याच्या काळातला लेख आहे. कण्ह हा सिमुकाचा भाऊ. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेखही सुरुवातीच्याच पिढ्यांमधला. नाणं पिशवीतून कुठेही जातं, भिंत जात नाही.

---

कंदकुर्तीची_सून

मान्य. पण एका राजाचं एखादं नाणं नाही हो, त्याच गावात आधीच्या स्थानिक राजांची आणि नंतर याची, अशी ओळ लागते. ती पिशवीतून येत नाही. आणि नाणेघाट काय, नाशिक काय, दोन्ही लेख घाटाच्या तोंडाशी आहेत. राज्य जिंकत तिथवर पोचलं असेल तरी असेच लेख मिळतील.

---

उतारावरचा

हा प्रतिसाद मला सगळ्यात आवडला. दोन्ही बाजूंनी पुराणातला ‘आंध्र’ शब्द पुढे केला जातो, पण सातवाहन स्वतःच्या लेखांत स्वतःला आंध्र म्हणवत नाहीत, तसे महाराष्ट्रीही म्हणवत नाहीत. आजच्या राज्यांच्या सीमा त्यांच्यावर लादून काय मिळणार. मला वाटतं, पैठण ही जागा त्यांना हवी होती ती उत्तरेच्या वाटेसाठी, आणि नाशिक-जुन्नर घाटवाटांसाठी. घर कुठलंही असो, जकात इथे होती.

ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘बैठण’ ही सिरोपोलेमायोस म्हणजे श्री पुळुमावीची राजधानी लिहिलीय. तोवर तरी पैठणबद्दल वाद नाही.

---

जुनी_वही

सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीत (प्राकृत कवितांच्या संग्रहात) गोदाकाठ जागोजागी येतो हे कुणीच कसं लिहिलं नाही? ती प्रसिद्ध गाथा: एक बाई भाबड्या धार्मिकाला सांगते, बाबा आता खुशाल फिर, तुला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारलं. तिला त्याला तिथून घालवायचंय, कारण ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे. आनंदवर्धनापासून सगळ्या काव्यशास्त्रकारांनी ही गाथा ‘बोलायचं एक, सुचवायचं दुसरंच’ याच्या उदाहरणासाठी वापरली.

इतिहासासाठी मला त्यातली झाडी महत्त्वाची वाटते. वेत-वेलींनी दाट भरलेला काठ, ज्यात सिंह असल्याची थाप कुणालाही पटावी. आज पैठणच्या काठावर असं काही सांगून बघा.

---

खापरखुणा

बिबट्या सांगितला तर अजूनही पटेल, ऊस आहे ना.

---

तिखटमीठ

😂 पण राजमहेंद्रीला कधी पोचणार आपण?

---

कंदकुर्तीची_सून

मी नेते. भद्राचलमच्या पुढे नदी पूर्व घाट फोडून जाते, पापीकोंडलूची अरुंद घळ. तिथून बाहेर पडली की अचानक सपाट मैदान, आणि धवळेश्वरमच्या खाली फाटे: मुख्य दोन, गौतमी आणि वसिष्ठ. लोक सप्त गोदावरी म्हणतात, सात ऋषींच्या नावाच्या सात शाखा. गौतमीकाठी यानम, जे पुदुच्चेरीचा भाग आहे. धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केला. तिकडे आजही त्याचे पुतळे आहेत आणि लोक हार घालतात. प्राचीन म्हणाल तर कोनसीमेत आदुर्रूला बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे खालच्या टोकाला खरोखरच समुद्र आणि नावा होत्या. उतारावरचा यांचा सिद्धांत तिथे लागू नाही.

एक मात्र वरपासून खालपर्यंत सारखं आहे. गुरू सिंह राशीत गेला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आणि आमच्याकडे पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा सोहळा. २०१५ मध्ये दोन्हीकडे तोबा गर्दी होती, आणि आता २०२७.

---

उतारावरचा

त्रिभुज प्रदेशाबद्दल पूर्ण मान्य, म्हणूनच मी ‘वरच्या टप्प्यात’ असं लिहिलं होतं.

बाकी, व्यनित (खासगी निरोपात) दोघा-तिघांनी विचारलंय की दायमाबादला जाऊन काय बघायचं. टेकाडं आणि आजूबाजूची शेती, बाकी काही नाही. त्यापेक्षा पैठण-पितळखोरा अशी जोडी करा. पावसाळा संपता संपता जा, आणि पितळखोऱ्याच्या पायऱ्यांसाठी गुडघे शाबूत ठेवा. नागनदीकर, अडमच्या मुद्रेचा चांगला फोटो असेल तर इथे डकवा. बोधनवाल्यांना दाखवायचाय.